पू न्हाई, साहेब

आमच्या संस्थेने माझा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आहे. माणूस निवृत्त झाला, थकला, पण अजून मरत नाही, अशा अवघडलेल्या काळात संस्था गौरवग्रंथ काढतात. संपादकांनी कळवलं की आपल्या संशोधनजीवनातल्या एखाद्या संस्मरणीय प्रवासाविषयी दोन हजार शब्द लिहावेत. त्यांना बहुधा परदेशातली एखादी परिषद अपेक्षित असावी. बर्फ, चीज, आणि व्यासपीठावर मी. त्याऐवजी मी गेल्या महिन्यात परभणी जिल्ह्यात काढलेल्या तीन दिवसांविषयी लिहितो आहे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

आधी माझा धंदा सांगतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला कशा चिकटतात, यावर मी चाळीस वर्षं घालवली. माझे सासरे कुणी विचारलं की एवढंच सांगायचे, 'जावई चिकटण्याचा अभ्यास करतात.' मी सरकारी नोकरीला नीट चिकटलेलो असल्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

आता गुन्हा. तीसेक वर्षांपूर्वी राणीसावरगावजवळच्या एका वाडीत एक बाळ दगावलं. तीन आठवडे उलटून गेले तरी त्याची नाळ गळली नव्हती, बेंबीभोवती लालभडक सूज होती, आणि रक्तात पांढऱ्या पेशी इतक्या की मोजणाऱ्याला मशीन बिघडलंय असं वाटावं. आमचं पथक जिल्ह्यात रक्ताच्या आजारांची पाहणी करत होतं. मला बोलावणं आलं. बाळ जाण्याच्या आदल्या दिवशी मी तिथे होतो. बाळंतपण गिरजाबाई नावाच्या सुईणीने केलं होतं. मी छापील फॉर्म भरला, आणि अहवाल दिला की सुईणीने अस्वच्छ हातांनी नाळ हाताळल्यामुळे जंतुसंसर्ग झाला. तो अहवाल वाडीच्या देवळात जाहीर वाचून दाखवण्यात आला.

पुढे काही वर्षांनी पुण्यात एका बड्या घरातलं बाळ त्याच लक्षणांनी आजारी पडलं. चकचकीत दवाखान्यात जन्मलेलं, तिथे विळा नाही की सुईण नाही. तेव्हा मी वाडीच्या बाळाच्या रक्ताचा कागदावर जपून ठेवलेला वाळका ठिपका बाहेर काढला. तपासण्या झाल्या. दोन्ही बाळांच्या पांढऱ्या पेशींवर भिंत धरून ठेवणारा आकडाच, म्हणजे हूकच, नव्हता. जन्मजात दोष. त्यात गिरजाबाईचा काडीचा संबंध नव्हता.

मी शोधनिबंध लिहिला. बक्षीस मिळालं. वाडीत कळवलं नाही.

गौरवग्रंथासाठी जुने फोटो शोधताना माळ्यावर तेव्हाची वही सापडली, फॉर्मची माझी प्रत तिलाच टाचलेली. तिच्यात माझ्याच अक्षरात एक ओळ आहे : 'पू नाही (सुईण म्हणते).' ही ओळ म्हणजे सगळ्या शोधाची किल्ली. निबंधात मी ती अशी लिहिली होती : 'जखमेत पू नसल्याचे लेखकाच्या लक्षात आले.'

लेखकाच्या लक्षात आले! लेखक त्या वेळी डास मारत होता.

सेलू, म्हणजे खरं तर मानवत रोड

गिरजाबाई हयात आहेत का, हे मी कादरभाईंना फोनवर विचारलं. कादरभाई आमच्या पथकातले रक्त काढणारे. निवृत्त होऊन सेलूला आपल्या घरी राहतात. ते म्हणाले, "हाय ना. तुमच्या-माझ्यापेक्षा बरी हाय. या."

सेलूला गाडी दोन मिनिटं थांबते. मी गुडघे, पिशवी आणि काठी गोळा करून दाराशी पोचलो तर दारात सरकीच्या पेंडीची दोन पोती, एक शिलाई मशीन आणि मशीनवर बसलेली एक बाई.

"मला उतरायचंय," मी म्हणालो.

"मंग उतरा की," ती म्हणाली. हलली मात्र नाही.

"वाट द्या ना."

"वाट हाय कुठं? हे बगा, पोत्यावर पाय दिऊ नगा."

फलाटावर कादरभाई दिसले. पांढरी दाढी, पण उभं राहण्याची तीच पद्धत. त्यांनी हात हलवला. मीही हलवला. गाडी हलली. पुढे ते बराच वेळ दोन्ही हात हलवत होते आणि तोंडाने काहीतरी म्हणत होते, ते बरंच झालं ऐकू आलं नाही.

मानवत रोडला पोती उतरली, मशीन उतरलं, बाई उतरली आणि शेवटी मी. तासाभराने कादरभाई पुतण्याची जुनी व्हॅन घेऊन आले.

"डाक्टरसाब, मी हात हलवला तो उतरा म्हणून. तुमी कशाला हलवला? पुण्याहून टाटा करायला आला होता का?"

"दारात पोती होती."

"तीस वर्सं पोती होती का?"

त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. व्हॅन ते झालेल्या डोळ्याच्या बाजूने चालवतात. समोरून ट्रक आला की मी डोळे मिटत होतो, त्यामुळे आमच्या दोघांत मिळून रस्त्यावर एकच डोळा असे.

सकाळी त्यांच्या घरी सुशीला खाल्ली. पुण्यात हे नाव घेतलं की लोक बायकोकडे बघतात. इथे ती भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणी घातलेली न्याहारी आहे, वर शेंगदाण्याचं कूट. पोह्यांहून हलकी आणि पोटाला प्रामाणिक. मी दोनदा घेतली. मग कादरभाई म्हणाले, "चला, गंगाखेडमार्गे गेलो तर दुपारी पोचू."

मी म्हणालो, "येलदरीला मासे अजून चांगले मिळतात का?"

परभणी जिल्ह्याचा नकाशा माहीत नसलेल्यांसाठी सांगतो : राणीसावरगाव दक्षिणेला आहे. येलदरी उत्तरेला.

येलदरी, जे वाटेवर नाही

धरणाखालच्या एका टपरीत मरळ तळून मिळाली. बाहेरून कुरकुरीत, आत पांढरीशुभ्र, बरोबर ज्वारीची भाकरी आणि कच्चा कांदा. पूर्णेचं पाणी समोर इतकं स्वस्थ पडलेलं की त्याच्यातून वीज काढतात यावर विश्वास बसत नाही. टपरीवाल्याने विचारलं, "धरण बघायला आलाव?" कादरभाई म्हणाले, "न्हाई, साहेब घाबरायला आले हायत."

दुसरी भाकरी मागवून मी त्यांना ती गोष्ट सांगितली जी आजवर कुणाला सांगितली नव्हती. पू नसल्याची ओळ मी चोरली, हे तर होतंच. पण फॉर्ममध्ये एक प्रश्न होता : 'बाळंतपणापूर्वी सुईणीने साबणाने हात धुतले होते काय? होय / नाही.' गिरजाबाईंना मी तो विचारला होता. त्या म्हणाल्या होत्या, "धुतले की." आणि मी 'नाही'वर खूण केली.

"का?" कादरभाई जेवायचे थांबले.

"घरात साबण दिसला नाही. मातीची भिंत, शेळ्या, शेणाचा वास. मला वाटलं, ही खोटं बोलते आहे. शिवाय 'होय' केलं असतं तर बाळ कशाने गेलं ते मला सांगता आलं नसतं."

कादरभाईंनी काटा बाजूला काढला. "साबण होता, साब."

"कुठे?"

"मागच्या दाराला. फडक्यात बांधून दोरीला टांगलेला. शेळ्या खातात म्हणून वर ठिवायची ती. लाल साबण. रक्त घ्यायच्या आधी मी त्यानंच हात धुतले."

मासा घशात अडकला नाही, तसं लिहिणं सोपं होतं. तो व्यवस्थित खाली गेला.

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं का?" ते म्हणाले. "पथकात तुमी डाक्टर, मी सुई. सुईला कोण इचारतं? अन् फॉर्म तुमी जीपमदी बसून भरला. मला दावला बी न्हाई."

परतीच्या वाटेवर जिंतूरच्या पुढे पंक्चर झालं. दोन म्हातारे, तीन डोळे आणि एक जॅक. त्याचं वर्णन करत नाही. त्या रात्री परभणीत मुक्काम केला आणि सकाळी लवकर दक्षिणेची वाट धरली.

राणीसावरगाव आणि पुढची वाडी

गंगाखेड मागे पडलं की रस्ता डोंगराळ होऊ लागतो, काळी माती विरळ होऊन मुरूम वर येतो आणि शेतांपेक्षा मेंढ्या जास्त दिसायला लागतात. राणीसावरगावच्या बाजारात चहा घेतला. चहावाल्याने वाडीचं नाव ऐकून सांगितलं, "आज तिथं बारसं हाय. माधवच्या पोरीचं." कादरभाईंनी मला कोपराने ढोसलं. माधव म्हणजे रुक्मिणचा मुलगा, आणि रुक्मिण म्हणजे त्या दगावलेल्या बाळाची आई. माधव त्याच्यानंतरचा, धडधाकट.

आम्ही आधी गिरजाबाईंकडे गेलो. रुक्मिणच्या घरापासून चौथं घर. अंगणात काट्यांच्या कुंपणात मेंढ्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये ओणवी होऊन एक वाळकी म्हातारी नुकत्याच व्यालेल्या मेंढीचं कोकरू पुसत होती. मी वाकून नमस्कार करायला आणि मागून एडक्याने धडक द्यायला एकच गाठ पडली. मी सरळ कुंपणावर. काठी एकीकडे, चष्मा कोकराजवळ.

"त्यानं वळखलं तुला," गिरजाबाई मान वर न करता म्हणाल्या. मागच्या वेळी मी 'साहेब' आणि 'तुमी' होतो.

कादरभाईंनी मला उभं केलं, काटे काढले. मी चष्मा पुसला आणि पाठ करून आणलेलं बोललो. बाळाचा आजार रक्ताचा होता, तुमची काही चूक नव्हती, मला हे फार वर्षांपूर्वी कळलं होतं, मी कळवलं नाही, मला माफ करा.

त्यांनी कोकराच्या तोंडात बोट घालून चिकटा काढला. कोकरू शिंकलं.

"मला कामून सांगायलास?" त्या म्हणाल्या. "मला ठावंच हाय. माझे हात हायत ते. मी काय केलं ते मला म्हाईत न्हाई का?"

"तरी पण..."

"त्या दिसापासून ह्या वाडीत येका बाईनं मला बोलवलं न्हाई. ना बाळंतपणाला, ना बारशाला. मेंढ्या तेवढ्या बोलवतात. त्यांना तुझा कागद वाचता येत न्हाई." त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "चार घरं पल्याड रुक्मिण हाय. तीस वर्सं ती माझ्या दारावरून तोंड फिरवून जायलीय. तिला वाटतं, तिचं लेकरू मी खाल्लं. देवळात वाचला होता न्हवं कागद? मंग जा. तिला सांग. सगळ्यायच्या म्होरं सांग. माफी बिफी मला नगं. मला काय करायची?"

"तुम्ही येता का बरोबर?"

"मला बोलवलंय का?" असं म्हणून त्या पुन्हा मेंढीकडे वळल्या.

बारसं

पुण्यात हल्ली बारसं हॉलमध्ये होतं. फुगे असतात आणि बाळाला झोप लागू नये म्हणून संगीत असतं. इथे अंगणात मांडव, साडीच्या झालरीचा पाळणा, मोठ्या पातेल्यात घुगऱ्या आणि एक लाउडस्पीकर, ज्यावर एक माणूस अर्धा तास 'हॅलो, हॅलो' एवढंच म्हणत होता. माधवने पुण्याचे डाक्टर आलेत म्हणून मला खुर्ची दिली, टोपी घातली. पाळण्याजवळ रुक्मिण बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, भरल्या अंगाची, मांडीवर नात. मी पहिली गोष्ट विचारली ती ही, की बाळाची नाळ कधी गळली.

"आठव्या दिशी," माधव म्हणाला.

माझा श्वास सुटला. तसं घाबरायचं कारण कमी होतं, सून लातूरकडची, नात्यातली नव्हती. रुक्मिणचं लग्न मात्र आत्याच्या मुलाशी झालं होतं. हा दोष अर्धा आईकडून आणि अर्धा बापाकडून आला तरच बाळाला बाधतो. एकाच घराण्यातली दोन माणसं असली की दोन्ही अर्धे जुळण्याची शक्यता वाढते.

मला माइक दिला. सगळ्यांना वाटलं लसीकरणावर बोलणार. मी वही उघडली आणि सांगितलं की तीस वर्षांपूर्वी देवळात वाचलेला कागद मी लिहिला होता आणि तो खोटा होता.

कादरभाईंनी 'हॅलो'वाल्याला हाताने गप्प केलं. खरं तर तो आधीच गप्प होता.

मी माझी नेहमीची आकृती मनातल्या मनात काढू लागलो आणि लक्षात आलं की इथे ती चालणार नाही. मग मी परवाची गाडी सांगितली. "रक्त म्हणजे रेल्वेगाडी. तिच्यात पांढरे शिपाई बसलेले असतात. सेलूला जखम झाली की तिथल्या फलाटाने शिपायांना धरून घ्यायचं, शिपायांनी दांडीला लोंबकळून गती कमी करायची आणि उतरायचं. लढून मरतात त्यांचा पू होतो. रुक्मिणताई, तुमच्या बाळाच्या शिपायांना हातच नव्हते. गाडी सेलूला आली आणि निघून गेली. एकही उतरला नाही. म्हणून बेंबी सुजली, नाळ गळवायला कुणी आलं नाही, आणि पू झाला नाही."

मागच्या बायकांतून एक आवाज आला. "उतरलेच न्हाईत तर मंग गेले कुठं?"

"गाडीतच. म्हणून गाडीत ती गर्दी. रक्तात शिपाई नको तितके, आणि जखमेत एक नाही." हा प्रश्न परदेशातल्या परिषदेत मला कुणी विचारेपर्यंत दुसऱ्या दिवसाचं जेवण झालं होतं.

"ही गोष्ट पहिल्यांदा कुणी पाहिली माहीत आहे?" मी वही वर धरली. "मी नाही. मला सूज दिसली, म्हणून मी जंतू लिहिले. गिरजाबाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, 'एवढं सुजलंय अन् पू न्हाई, साहेब. असं मी कधी बघितलं न्हाई.' मी ते लिहून घेतलं, आणि त्यांच्यावरच ठपका ठेवला. त्यांनी हात धुतले होते. मी 'नाही' लिहिलं."

मी खुर्चीत बसलो. माइक चालूच होता, त्यात माझा श्वास वाजत होता.

रुक्मिणने नातीला सुनेच्या मांडीवर दिलं. "कधी कळलं तुमाला हे?"

"पाचसहा वर्षांतच."

"अन् एवढे दिवस कुठं होता तुमी?"

"पुण्यात."

"पुणं लय लांब हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

ती आणखी काही म्हणेल, शिवी देईल, असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. ती उठली, पायात चप्पल न घालता मांडवातून बाहेर पडली आणि डावीकडे वळली. एक बाई मागे निघाली, तिला दुसरीने पदराला धरून बसवलं. आम्ही सगळे घुगऱ्या निवताना बघत राहिलो. त्या चौथ्या घरात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. कादरभाईंना फार उत्सुकता होती, पण मी त्यांचा सदरा धरून ठेवला. मध्ये एकदा एडका ओरडलेला ऐकू आला.

त्या दोघी आल्या तेव्हा रुक्मिणचे डोळे सुजलेले होते. गिरजाबाईंचे नव्हते. त्यांनी लुगडं बदललं होतं, पण कोपरापर्यंत हात अजून मेंढीचे होते. सुनेने पाळण्याजवळ पाट सरकवला. गिरजाबाई तिकडे गेल्या नाहीत. अंगणाच्या कडेला धुण्याच्या दगडापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"रुक्मिणे, साबण आण."

रुक्मिणने साबण आणला आणि तांब्याने पाणी घालू लागली. गिरजाबाईंनी आधी तळवे धुतले, मग एकेक बोट, मग नखं दुसऱ्या हाताच्या नखांनी, मग मनगटं, मग कोपरं. पाणी घेतलं. पुन्हा साबण. घाई नव्हती. पन्नास माणसं एका म्हातारीला हात धुताना बघत होती. शेवटी दोन्ही हात वर धरून, पाणी निथळत असताना त्या माझ्याकडे वळल्या.

"बगायलास न्हवं?"

"बघतोय."

"आता दिसला का साबण?"

"दिसला."

"मंग लिव्ह."

वहीला टाचलेला तो पिवळा पडलेला फॉर्म मी उघडला. 'नाही'वरची खूण खोडली. 'होय'वर केली. पेन दोनदा कागदात अडकलं. खाली सही केली.

"काय लिवलंस, वाच."

"होय," मी म्हणालो.

"मला आलं ऐकायला. मी हितंच हाय." त्यांनी मानेनेच देवळाकडे खूण केली. "तो कागद तिथं वाचला होता. तिथवर आवाज जाऊ दे."

कादरभाईंनी माइक उचलून माझ्या तोंडापुढे धरला.